एक पाऊल मागे, डावीकडे

जेवणं आटोपली, अक्रोडाच्या रश्श्याचं पातेलं रिकामं झालं, चहाचा दुसरा फेरा झाला, तरी कागदाचा विषय कुणी काढला नाही.

कागद मेजावरच होता. फळांच्या ताटाखालून त्याचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. मोटार क्लबच्या ऑटोक्रॉस शर्यतीचा अर्ज, नवशिक्यांचा गट. नेफीनने नाव, वय, रक्तगट सगळं नीट अक्षरात भरलं होतं. शेवटची एक ओळ तेवढी कोरी होती : गाडीमालकाची सही. गाडी सासऱ्यांच्या नावावर होती. पुढच्या शुक्रवारी, शर्यतीच्या सकाळी, त्या ओळीवर त्यांची सही नसली तर शर्यतीत नेफीनही नसणार होती.

ती दाराशी उभी होती. सासरे बैठकीत असले की ती बसत नसे. वादी-सीर गावातल्या चेर्केस जमातीच्या बहुतेक घरांतून आता सुना सासऱ्यांशी खुशाल गप्पा मारतात, त्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघतात. पण या घरात जुनी रीत अजून तग धरून होती. सून सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही आणि सासरे सुनेशी बोलत नाहीत. मग एक दिवस ठरवून चार नातेवाईक बोलवायचे, सासऱ्यांनी सुनेच्या हातात काहीतरी ठेवायचं आणि म्हणायचं, "बोल, पोरी." तिथून पुढे जीभ मोकळी. नेफीनचा तो दिवस ठरलाही होता, लग्नानंतरच्या पाचव्या महिन्यात. त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. चाळीस दिवस गेले, वर्ष गेलं, आणि तो दिवस पुन्हा ठरवायचा कुणी, हा प्रश्न तसाच राहिला. ते काम सासूचं असतं. अशी अकरा वर्षं झाली होती.

इनालने घसा खाकरला. तो नेफीनचा नवरा, पण त्याचीही पंचाईत होती. बापासमोर पुरुषाने आपल्या बायकोचा विषय काढायचा नसतो.

"बाबा, क्लबाने यंदा नवशिक्यांचा वेगळा गट ठेवलाय म्हणे. आपल्या ओळखीचे एकदोघं जाणारेत."

"एकदोघं?" याकूबकाका लगेच पुढे सरकले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ; दर शुक्रवारी जेवायला यायचे आणि भांडण असेल तर थांबायचे. "एक तर दाराशी उभं आहे. दुसरं कोण रे?"

इनाल लाल झाला. नेफीनने मान खाली घातली, पण हसू तिच्या ओठांवर आलं होतं.

"मीच सांगते, नाहीतर तुमचं असंच चालायचं," मेरेम म्हणाली. मेरेम इनालची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी नाऊर गावच्या सासरहून माहेरी परत आली होती, आणि तेव्हापासून घरात कुणाशीही, कुणाबद्दलही बोलायची मुभा असलेली ती एकटीच. नव्या सुनेने सासरच्या माणसांना नावाने हाक मारायची नसते, आपल्या पसंतीचं नाव ठेवायचं असतं; नेफीनने मेरेमचं नाव ‘सोनडोळी’ ठेवलं होतं. "बाबा, नेफीनला गाडी पळवायचीय. मैदानात शंकू मांडतात, त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची, घड्याळ लावून. एकेकट्याने. चाळिशीला आलेली बाई, दोन मुलींची आई, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. माझं मत विचाराल तर नको."

"तुझं मत कुणी विचारलं?" याकूबकाका म्हणाले.

"कुणीच नाही, अम्मो. म्हणून तर सांगतेय." काकांना ती अम्मोच म्हणायची.

"अगं, आपले आजोबा जुना मुलूख सोडून बैलगाडी हाकत इथवर आले. गाडी आपल्या रक्तात आहे."

"आजोबांची बैलगाडी उलटली होती. तुम्हीच दरवर्षी सांगता."

"उलटली. पण वेगात उलटली."

इनाल हसला. मेरेमही हसली. सासरे मात्र सफरचंद सोलत होते. साल एका लांब पट्टीत उतरत होती आणि त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. झरका शहरात सैन्याच्या वाहनशाळेत तीस वर्षं त्यांनी नव्या पोरांना गाडी शिकवली होती. पिंपांच्या रांगांमधून ट्रक काढायला लावायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्वतः चालवत नव्हते. दवाखान्यात नेफीनच न्यायची. तेव्हा ते मागच्या सीटवर बसायचे आणि काचेबाहेर बघत म्हणायचे, "पुढे खड्डा आहे." कुणाला उद्देशून नाही. खड्डा आहे, एवढंच.

"अबू इनाल," याकूबकाकांनी भावाला ‘इनालचे बाबा’ अशी रीतीची हाक मारली, "तुम्ही काहीतरी बोला. हो म्हणा, नाही म्हणा. चहा गार होतोय."

सासऱ्यांनी सुरी पुसून ठेवली.

"मेरेम, घरात लबने-दह्याच्या रिकाम्या बादल्या किती आहेत?"

"बादल्या?" मेरेम गोंधळली. "असतील सात-आठ."

"आणि तेलाचे डबे?"

"पाच."

"बाहेर आणा," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठले. ते उठले तशी सगळी बैठक उठली.

*

घरामागे सपाट जागा होती. पूर्वी तिथे गहू मळत, आता नुसती पांढरी माती. सासऱ्यांनी काठीने जागा दाखवत जायचं आणि इनालने बादल्या ठेवत जायच्या. पाच बादल्या एका रांगेत, त्यांच्यामधून सापासारखं जायला. मग एक लांब वळण. मग तेलाचे दोन डबे जवळजवळ, मधून एक गाडी जेमतेम जाईल असा दरवाजा. मग परत फिरायचं.

"गाडीत सुटी वस्तू एक नको," सासरे मेरेमला म्हणाले. "तपासणीत पहिलं तेच बघतात. वळणावर पाण्याची बाटली जरी पायाखाली आली तरी संपलं."

मेरेमने तिथल्या तिथे वळून नेफीनला सांगितलं, "सुटी वस्तू नको म्हणतात."

नेफीनने ऐकलंच होतं. ती चार हातांवर उभी होती. पण रीत ती रीत. तिने मान हलवली आणि पांढरी टोयोटा रिकामी करायला घेतली. पायपुसणी, मुलींच्या वेण्यांच्या फिती, छत्री, खजुराचा अर्धा डबा, दवाखान्याची फाईल, स्टेपनी, जॅक. आरशाला टांगलेला निळा मणी इनालने काढला तेव्हा याकूबकाका हळहळले. "तो राहू द्या रे. त्याचं वजन किती?"

"डोळ्यासमोर हलतो," सासरे म्हणाले. "मेरेम, खडू आहे का विचार."

"खडू आहे का?"

नेफीन तिच्या कानाशी वाकली. मास्तरीण बाईच्या पिशवीत खडू नसेल तर कुठे असेल?

"आहे म्हणते. पांढराही आणि पिवळाही."

"पांढरा. टायरच्या कडेवर रेघा मारायला सांग, चारही चाकांना. फेरी झाली की बघायचं, रेघ कुठपर्यंत पुसली. टायर वळणावर किती मुडपतो ते कळतं. फार मुडपला तर हवा वाढवायची."

नेफीन मातीत बसून रेघा मारू लागली. सासरे तिच्या हाताकडे बघत होते हे तिला न बघताही कळलं. चौथ्या चाकाशी ते म्हणाले, "रेघ आणखी वरपर्यंत हवी." टायरला म्हणाले. तिने रेघ वर नेली.

"आता वाट चालून घ्यायची," ते म्हणाले. "गाडीच्या आधी पाय. पायांना वाट पाठ झाली की हातांना वेगळं शिकवावं लागत नाही."

ते निघाले. नेफीनही निघाली. कुणी सांगायची गरज नव्हती; लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं. मोठ्या माणसाबरोबर चालायचं तर त्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, नजर खाली. सासरे दर बादलीपाशी थांबत आणि हवेला सांगत : इथे दुसरा गिअर, इथे पाय उचलायचा, इथे चाक सोडायचं नाही. ती त्यांच्या टाचांकडे बघत ऐकत होती. एक शब्द तिने खाली पडू दिला नाही. दोन वेळा ते सगळी वाट चालले. मेरेम अक्रोडाखाली खुर्ची टाकून बघत बसली होती.

मग नेफीन गाडीत बसली, इनालचं जुनं हेल्मेट घातलं, आणि निघाली.

बादल्यांची रांग तिने सुरेख काढली. याकूबकाका ओरडले, "वल्ला! बघा, बघा!" लांब वळणावर मागचं चाक किंचित सरकलं आणि तिने ते सावरलं. आणि तेलाच्या दोन डब्यांपाशी ती मधून गेलीच नाही. डाव्या डब्याच्या बाहेरून गेली.

"चुकलं!" इनाल हात हलवत धावला. "मधून! दोन्ही डब्यांच्या मधून!"

तिने मान डोलावली. दुसऱ्या फेरीत पुन्हा डाव्या डब्याच्या बाहेरून. तिसऱ्या फेरीत तिने डब्यांआधी वेग इतका कमी केला की गाडी बंद पडतेय असं वाटलं, आणि तरी शेवटच्या क्षणी हात डावीकडे गेले. परत बाहेरून.

गाडी थांबली. नेफीन उतरली नाही. हेल्मेट घालूनच बसून राहिली. आतून तिचा श्वास तिलाच मोठा ऐकू येत होता. तीन वेळा. एकदा चुकणं समजतं. पण डबा समोर दिसत असताना, मधून जायचं माहीत असताना, हातच ऐकेनात, हे काय होतं? तिला वाटलं, आता खाली उतरायचं, तो कागद ताटाखालून काढायचा आणि भांडी घासायला जायचं.

"शंकूला धक्का लागला तर दोन सेकंद वाढतात," सासरे म्हणाले. आवाज कोरडा होता. "दरवाजा चुकला तर अख्खी फेरी रद्द. तीस वर्षांत असा शिकाऊ बघितला नाही. ज्याला दरवाजा दिसत नाही त्याला शर्यतीत काय पाठवायचं?"

याकूबकाकांनी आभाळाकडे बघितलं.

"तिला दिसतोय," मेरेम म्हणाली.

ती खुर्चीतून उठून आली होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बाबा, ती चुकली नाही. जिथून चालली तिथूनच तिने गाडी नेली."

"मी दोन डब्यांच्या मधून चाललो."

"तुम्ही चाललात. ती कुठून चालली? तुमच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे. तुम्ही डाव्या डब्याला खेटून मधून गेलात तेव्हा तिला जागाच नव्हती. ती डाव्या डब्याला बाहेरून वळसा घालून परत तुमच्या मागे आली. दोन्ही वेळा. मी बघत होते. पायांना वाट पाठ झाली की हातांना शिकवावं लागत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? तेच झालं. तिने सुनेची वाट पाठ केली."

गाडीत नेफीनने हेल्मेट काढलं.

याकूबकाकांना राहवलं नाही. "मग मघाशी नको का म्हणत होतीस गं?"

"यासाठीच, अम्मो. ती चुकणार, आणि चूक कुणाची हे कुणी विचारणार नाही." मेरेमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी नाऊरला सतरा वर्षं तशीच चालले. माझ्याही बोलण्याचा दिवस राहून गेला. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं मरण. माझ्या सासऱ्यांची नजर शेवटी गेली होती. मी पाणी घेऊन जायचे. ते विचारायचे, कोण आहे? आता मी काय सांगू? भांडं त्यांच्या हातात ठेवायचे आणि यायचे. गेले तेव्हा त्यांना माझा आवाज ठाऊक नव्हता, बाबा. माणूस चांगला होता. मला फार आवडायचा."

सासरे बादल्यांपाशी गेले. मग वाकून, गुडघ्याला त्रास होत असताना, त्यांनी एक बादली उचलली, दुसरी तिच्यात घातली, तिसरी तिच्यात. इनाल मदतीला धावला तर त्याला हातानेच थांबवलं. सगळ्या बादल्या गोळा करून ते घरात गेले. फळांचं ताट सरकवून कागद काढला, चार घड्या घातल्या, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि पडायला खोलीत निघून गेले.

"खिशात घातला," याकूबकाका कुजबुजले. "म्हणजे हो."

"त्या खिशात मागच्या हिवाळ्यातली औषधांची चिठ्ठी अजून आहे, अम्मो," मेरेम म्हणाली.

*

आठवडाभर कागदाचं नाव निघालं नाही. इनाल रोज शाळा सुटल्यावर नेफीनला घेऊन त्या मोकळ्या जागेत जायचा. आता वाट चालताना तो तिला एकटीला चालायला लावायचा. दोन डब्यांच्या मधून, पंधरा वेळा, वीस वेळा. "डब्याकडे बघू नकोस. त्याच्या पुढच्याकडे बघ. गाडी नजरेमागे जाते." पहिले दोन दिवस डब्यांपाशी तिचे पाय आपोआप डावीकडे ओढले जात. तिसऱ्या दिवशी सरळ गेले, आणि तिला विचित्र वाटलं, जणू कुणाच्या जागेवर बसली होती.

बुधवारी दोघं गाडीतच बसून राहिले. मुली मेरेमबरोबर स्वयंपाकघरात होत्या. खिडकीतून त्यांचं भांडण ऐकू येत होतं.

"तो दिवस मी ठरवायला हवा होता," इनाल म्हणाला.

"कसा ठरवणार होतास? बापासमोर माझं नाव तरी काढता येतं का तुला?"

"मग कुणी ठरवायचा होता?"

"कुणीच नाही. कुणाचा दोष नाही, तरी अकरा वर्षं जातात." तिने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "खरं सांगू? मागच्या वर्षी तू शर्यतीत शंकू उभे करायला गेला होतास ना, तेव्हा मी कडेला उभी होते. एक बाई निघाली गाडी घेऊन. एका मिनिटाची फेरी. मला वाटलं, त्या गाडीत कुणी बोलत नाहीये. घरातही मी बोलत नाही, पण ते माझं नसतं, मानाचं असतं. गाडीतलं गप्प बसणं तिचं स्वतःचं होतं. ते मला हवंसं वाटलं."

इनालने मान डोलावली. मग म्हणाला, "बाबांनी सही नाही केली तर माझ्या मित्राची गाडी आहे. तो देईल."

"नको."

"का?"

"दुसऱ्याच्या गाडीतून गेले तर ती फक्त शर्यत होईल," ती म्हणाली आणि गाडीचं दार उघडून उतरली.

*

शुक्रवारी सकाळी साडेसहाला सासरे कोट घालून, काळी टोपी घालून गाडीपाशी उभे होते. कुणी त्यांना चला म्हटलं नव्हतं. ते मागच्या सीटवर बसले. त्यांच्या शेजारी मेरेम, पुढे इनाल, चालवायला नेफीन. गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली. मग सासरे काचेला म्हणाले, "डावीकडे ट्रक आहे." ट्रक होता.

मोठ्या वाहनतळावर लाल शंकूंची वाट आखलेली होती. पंचवीस-तीस गाड्या आल्या होत्या. पोरं टायरमधली हवा मोजत होती, दारांवर चिकटपट्टीचे आकडे लावत होती. तपासणाऱ्याने टोयोटाचं बॉनेट उघडलं, बॅटरी हलवून बघितली, ब्रेक दाबायला लावला, सीटखाली हात फिरवला. त्याच्या हाताला काही लागलं नाही. टायरवरच्या खडूच्या रेघा बघून त्याने मागच्या सीटकडे नजर टाकली. "हे कुणी शिकवलं? जुन्या माणसाचं काम दिसतंय." सासरे त्याच्याकडे बघेनात.

"कागद?" टेबलावरच्या माणसाने विचारलं. "मालकाची सही लागेल. वाट चालून झाली की आणून द्या. त्यानंतर यादी बंद."

नेफीनने मेरेमकडे पाहिलं. मेरेमने वडिलांकडे पाहिलं. सासरे शंकूंकडे बघत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही.

शिट्टी झाली. वाट चालायला अर्धा तास. दोरीपाशी उभा असलेला पोरगेला पंच म्हणाला, "चालक आणि बरोबर एकच माणूस. बाकीचे दोरीमागे."

इनाल पुढे झाला, हेच ठरलं होतं. तेवढ्यात काठी त्याच्या छातीपाशी आडवी आली.

"मी जातो," सासरे म्हणाले.

दोरीच्या आत ते दोघंच होते. मेरेम मागे राहिली. आता कुणाच्या कानाशी वाकायचं? नेफीन सवयीने मागे सरकली, डावीकडे, एक पाऊल. सासरे चालेनात. तिला वाटलं गुडघा दुखतोय. ती थांबून राहिली. मागून येणारी दोन पोरं त्यांना वळसा घालून पुढे गेली.

मग सासऱ्यांनी काठी टेकवली आणि हळूच मागे आले. एक पाऊल. मग डावीकडे, तिच्याही पलीकडे. आता वाटेच्या मधोमध ती उभी होती आणि तिच्यापुढे कुणाच्या टाचा नव्हत्या.

ती चालू लागली. काय करणार? मागून डावीकडून काठीचा आवाज येत राहिला. पहिला दरवाजा तिने मधून ओलांडला. "दुसरा गिअर," काठीच्या दिशेकडून आवाज आला, शंकूला सांगितल्यासारखा. शंकूंची रांग. "पाय उचलायचा, दाबायचा नाही." ती ऐकत गेली. मान वर होती म्हणून तिला पुढची सगळी वाट एकदम दिसत होती, आणि घरामागच्या मातीत सासऱ्यांना ती वाट कशी दिसली असेल ते तिला आता कळलं.

उजवीकडच्या मोठ्या वळणाच्या तोंडाशी काठी थांबली.

"इथे ब्रेक."

नेफीनच्या पायाखाली काहीतरी करकरलं. तिने बुटाने घासून पाहिलं. डांबर सुटलेलं होतं, वाळूसारखी बारीक खडी पसरली होती. ती शंकूपासून चार पावलं मागे गेली, पुन्हा पुढे आली. वाहनतळाच्या पांढऱ्या रेघेपर्यंत जमीन घट्ट होती. त्यापुढे नाही.

"इथे ब्रेक," सासरे पुन्हा म्हणाले.

"नाही."

शब्द तोंडातून गेला आणि मगच तिला ऐकू आला. तिने वळून बघितलं नाही. कागद त्यांच्या खिशात होता, कोरा होता, आणि अकरा वर्षांत त्यांच्यासमोर तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा होता. दूर दोरीपाशी मेरेम टाचा उंचावून बघत होती.

"नाही?" सासरे म्हणाले.

"खडी आहे." तिने बुटाने ती दाखवली. "इथे दाबला तर मागचं सरकेल. आधी दाबायला हवा. तिथे, रेघेपाशी."

ते पुढे आले. काठीवर भार देऊन, गुडघा वाकेल तेवढा वाकवून खाली झाले, आणि तळहात जमिनीवर फिरवला. तळव्याला चिकटलेली खडी त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"आधी दाबलास तर वेळ जाईल."

"घसरले तर शंकू जाईल."

"एका शंकूला किती?"

"दोन सेकंद. तुम्हीच सांगितलं होतं."

ते उठायला लागले. नेफीनने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. उभे राहिले, हात झटकला, कोटाला पुसला.

"भिंतीतून जरा जाड वाटायचा," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा आवाज. स्वयंपाकघरातून येतो तेव्हा." त्यांनी रेघेकडे पाहिलं. "बरं. रेघेपाशी. पण वळणातून बाहेर पडताना तिसरा गिअर टाकायचा."

"दुसऱ्यातच निघते."

"इंजिन ओरडेल."

"ओरडू दे. पुढे लगेच दरवाजा आहे."

"माझी गाडी आहे ती!"

"मग तिसरा टाकते आणि दरवाजा सोडते?"

ते थांबले. त्यांच्या मिशा हलल्या. हसले की रागावले ते कळलं नाही. "पुढचं दाखव," ते म्हणाले.

दुसरी शिट्टी झाली तेव्हा ते शेवटच्या दरवाजापाशी अजून वाद घालत होते. पंचाने दोनदा हाक मारली. परत येताना सासरे दमले होते आणि नेफीनचे गाल तापले होते. मेरेम दोरीवरून ओणवी झाली होती.

"काय झालं? तुम्ही मध्येच उभे काय राहिलात? नाही म्हणाले का ते?"

"नाही मी म्हणाले," नेफीन म्हणाली.

मेरेमचं तोंड उघडं राहिलं. इनालने आधी बायकोकडे, मग बापाकडे बघितलं, आणि शहाणपणाने गाडीच्या टायरमध्ये लक्ष घातलं.

सासऱ्यांनी खिशातून कागद काढला, बॉनेटवर पसरला, घड्या तळहाताने सपाट केल्या. इनालने पेन दिलं. त्यांनी सही केली, जुन्या वळणाची, लांबलचक. सहीशेजारी आणखी एक लहान चौकट होती. त्यांनी पेन तिथे टेकवलं आणि मान वर केली.

"आज तारीख किती?"

मेरेम सवयीने पुढे झाली, आणि थांबली. सासरे तिच्याकडे बघत नव्हते.

"एकोणीस," नेफीन म्हणाली.